बिडाचा जुना इनॅमल स्टोव्ह परत पेटता करताना: कोकणातून सारखे येणारे प्रश्न

इथं फक्त लाकूड-कोळशावर चालणाऱ्या, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) अंगाच्या आणि वरून रंगीत इनॅमल असलेल्या जुन्या विलायती स्टोव्हबद्दल लिहिलंय, रॉकेलचा स्टोव्ह किंवा पत्र्याची शेगडी यात नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत लोक विचारत असतात, कोणाला जुन्या बंगल्याच्या पडवीत सापडलेला असतो तर कोणी होमस्टेसाठी मुंबईच्या चोरबाजारातून नाहीतर दारूखान्यातून, जिथं जहाजं तोडतात तिथून, उचललेला असतो. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत, सारखे होते ते एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, मूळ इनॅमल जेवढं शिल्लक आहे तेवढं वाचवणं हेच यातलं खरं काम आहे, कारण बाकी सगळं मिळतं, बनवून घेता येतं, ते मात्र घरी परत करता येत नाही.

१. हे खरंच इनॅमल आहे की कोणीतरी ऑइलपेंट मारलाय, कसं ओळखायचं?

स्टोव्हवरचं इनॅमल म्हणजे काचच, काचेची पूड लोखंडावर देऊन साधारण ७५० ते ८५० डिग्रीला भट्टीत वितळवून बसवलेली. कापडाला थोडा थिनर लावून मागच्या बाजूला कोपऱ्यात घासून बघा, रंग असेल तर कापडावर उतरेल, काच असेल तर काहीच होणार नाही. दुसरी खूण टवका उडालेल्या जागी सापडते. तिथं बॅटरी तिरकी धरून अगदी जवळून बघा, खऱ्या इनॅमलची कड फुटलेल्या शिंपल्यासारखी धारदार असते, वरचा रंग, त्याच्याखाली बहुतेक वेळा काळपट-निळा अस्तराचा पातळ थर आणि मग लोखंड, अशा रेघा वेगवेगळ्या दिसतात. ऑइलपेंटची कड बोथट असते आणि नखानं उचलता येते. कधीकधी चांगल्या इनॅमलवरच कोणीतरी रंगाचे हात मारून ठेवलेले असतात, तसं निघालं तर आनंदच आहे, पण तो रंग कोरडा घासून काढू नका, का ते ४ मध्ये आहे.

२. कुठल्या कंपनीचा आणि किती जुना हे कुठं कळेल?

दाराची आतली बाजू, राखेच्या ड्रॉवरचं दार आणि मागची प्लेट बघा, ओतकामातच नाव आणि नंबर उठवलेले असतात. काजळीनं बुजले असतील तर सुका ब्रश फिरवून वर खडू आडवा चोळा, अक्षरं वर येतात. फ्रान्समधल्या गोदँचं काम १८४० मध्ये सुरू झालं, नॉर्वेच्या योटुलचं १८५३ मध्ये, ब्रिटनचा रेबर्न आला १९४६ ला. आगा हा स्वीडनच्या गुस्ताफ दालेननं १९२२ मध्ये काढला, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल की त्याच दालेनला १९१२ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं ते दीपगृहं आणि समुद्रातल्या बोयांचे गॅसचे दिवे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेसाठी. स्टोव्हवर काम करायचं तेव्हा तो आंधळा झालेला होता.

नाव सापडलं नाही म्हणून काही अडत नाही. देश कळला तर फायदा एवढाच की बोल्टचे आटे कुठल्या मापाचे असतील याचा अंदाज येतो (५ बघा).

३. दादा, घरी आणून ठेवलाय, सुरुवात कशानं करू? आधी एकदा पेटवून बघू का चालतोय का?

पेटवून बघू नका, कितीही हात शिवशिवले तरी नाही. आत पाण्याची टाकी असू शकते (२०), तडा असू शकतो (११), अॅसबेस्टॉस असू शकतं (४) आणि या तिन्ही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. पहिल्यांदा सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मग सुटणारं जे आहे तेवढंच सोडवा, प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा, स्क्रू ज्या भागाचे त्याच पिशवीत. मग साफसफाई, गंज, विटा, दार हवाबंद करणारी दोरी, धुराड्याचा पाइप या क्रमानं जायचं आणि चकाकी सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात, आधी दर्शनी बाजू झकास करून घेतात आणि मग मागची प्लेट काढताना तीच खरवडून निघते.

४. दाराला पांढरी जाड दोरी आहे आणि आत कापसासारखं काहीतरी भरलंय. काढून टाकू?

थांबा. जुन्या स्टोव्हमध्ये दाराची दोरी, प्लेटींच्या मधला पुठ्ठा आणि ओव्हनभोवती भरलेला पांढरा-करडा माल अॅसबेस्टॉसचा असू शकतो. नुसतं बघून सांगता येत नाही, लॅबमध्येच कळतं, म्हणून आहे असंच धरून चालायचं. त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर आजार कित्येक वर्षांनी दिसतो आणि बरा होत नाही, त्यामुळे इथं घाई नको आणि कोरडं काम तर अजिबात नको. ब्रश नको, ग्राइंडर नको, घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको.

दोरीच असेल तर स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी मारून पूर्ण भिजवा, अख्खी उचला, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून बंद करा. हे अंगणात करायचं, पोरंबाळं आणि कुत्री-मांजरी लांब. तोंडावर रुमाल किंवा साधा मास्क उपयोगाचा नाही, पी-१०० फिल्टरचा रेस्पिरेटर लागतो. कपडे तिथंच काढून वेगळे धुवा. ओव्हनभोवतीचा भरलेला माल मात्र स्वतः उकरू नका, ते या कामाची माहिती असलेल्या माणसाकडून करून घ्या. आणि पिशव्या वहाळात किंवा खाडीच्या कडेला टाकायच्या नाहीत, हा धोकादायक कचरा आहे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या ऑफिसात विचारून त्याची सोय करा.

नवी दोरी घेताना पण नीट विचारा, बाजारात अॅसबेस्टॉसची दोरी अजून मिळते आणि स्वस्त असते म्हणून दुकानदार तीच पुढं करतो. आपल्याला ग्लास फायबरची किंवा सिरॅमिकची हवी.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, तोही कोरड्या पॉलिश पेपरनं घासायचा नाही. रंग काढायचं रिमूव्हर लावून ओलाच उतरवायचा.

५. एकही बोल्ट फिरत नाहीये. हातोडा मारू?

बीड वाकत नाही, सरळ तुटतं, आणि बोल्टपेक्षा त्याच्या भोवतीचा कान आधी तुटतो. गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर ठेवा, परत टाका, असं चार दिवस करायची तयारी ठेवा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंज आट्यांत सिमेंटसारखा बसलेला असतो, त्याला वेळच द्यावा लागतो. मग पाना लावून आधी घट्ट करायच्या दिशेला जरासा, मग सैल करायच्या, असं हलवत राहा. गॅसच्या टॉर्चनं गरम करता येतं, पण जवळपास इनॅमल असेल तर बिलकुल नको, एका जागी तापलं की टवका उडतो.

तरी हलत नसेल तर डोकं कापून भोक पाडून नवीन आटे पाडून घ्या, बोटींच्या इंजिनाचं काम करणारे मिस्त्री हे रोज करतात. ब्रिटिश स्टोव्ह असेल तर आटे व्हिटवर्थचे असायची शक्यता जास्त, त्यांचा कोन ५५ डिग्रीचा, मेट्रिकचा ६० चा, म्हणून जवळपास बसणारा मेट्रिक बोल्ट जबरदस्तीनं फिरवलात तर आटे मरतात. परत जोडताना सगळ्या आट्यांना ग्रॅफाइट किंवा तांब्याची अँटीसीझ (आटे धरू न देणारी) पेस्ट लावा, म्हणजे पुढच्या माणसाला त्रास नाही.

६. इनॅमलवर तेलकट काळे डाग आहेत, भांड्याच्या घासणीनं घासू का? चिंच-लिंबानं छान निघतं म्हणतात.

चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर यातलं काहीही नको. आंबट पदार्थ काचेची चकाकी खातो आणि ती जागा कायमची निस्तेज होते. स्वयंपाक करतानासुद्धा हे लक्षात ठेवा, सोलकढीचा किंवा तिखल्याचा थेंब उडाला तर लगेच पुसायचा, पण स्टोव्ह गरम असेल तर कोरड्या जाड फडक्यानं, ओल्या नाही. तापलेल्या इनॅमलवर गार पाणी पडलं की बारीक केसासारख्या चिरा जातात.

गार स्टोव्हवर कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि मऊ फडकं, एवढ्यानं निम्मं काम होतं. उरलेल्या डागांवर खायच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट तासभर ठेवून हलक्या हातानं पुसा. जळून कडक झालेलं तेल असेल तर प्लास्टिकच्या पट्टीनं, स्टोव्ह किंचित कोमट असताना. तारेची घासणी, राख, वाळू, खरखरीत पावडर या सगळ्यांनी ओरखडे पडतात आणि मग त्या ओरखड्यांतच काजळी बसते. टवक्यांच्या कडेला पाणी मुरू देऊ नका, लगेच कोरडं करा.

७. टवके उडालेत तिथं काय भरायचं? ॲराल्डाइट आणि रंग चालेल का?

जागेवर अवलंबून आहे. पाय, बाजूच्या खालच्या पट्ट्या, टॉवेलचा दांडा बसतो ती जागा, म्हणजे जिथं हात सहज ठेवता येतो तिथं इपॉक्सीचं (ॲराल्डाइट त्यातलंच) टचअप टिकतं. दाराच्या भोवती, वरच्या प्लेटीजवळ, धुराड्याच्या तोंडाशी इपॉक्सी पिवळी पडते, फुगते आणि वास मारते. तिथं ६०० डिग्रीपर्यंत टिकणारा सिलिकॉनचा हीट-रेझिस्टंट रंग लावायचा. रंग फार कमी मिळतात, काळा आणि करडा सहज, हिरवा-निळा मॅच होईलच असं नाही.

आधी टवक्यातला गंज बारीक तारेच्या ब्रशनं हातानं काढा, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर काडीला गुंडाळलेल्या कापसानं फक्त लोखंडावर टेकवा, काचेवर सांडू देऊ नका, मग वाळवून रंग. माझं मत विचाराल तर छोटे टवके नुसते गंजमुक्त करून काळे ठेवावेत. मागं कित्येक वर्षं कोणीतरी त्यावर रांधलंय, ते दिसलं तर काय बिघडलं.

८. आमच्या आजयेच्या घरातली शेगडी पुरी गंजान गेली हा. तिका नवीन इनॅमल करून मेळतला काय?

होतं, पण सोपं नाही. जुनं सगळं शॉट ब्लास्ट करून, म्हणजे बारीक छर्रे जोरात मारून, उतरवायचं, अस्तराचा थर भाजायचा, मग रंगाचा थर परत भाजायचा. गिझरच्या टाक्या किंवा पाट्या करणारे जे कारखाने आहेत ते पत्र्यावर काम करतात, बिडावर करतीलच असं नाही, म्हणून फोनवर पहिला प्रश्न तोच विचारा. वर्षानुवर्षं वापरलेल्या बिडात तेल आणि काजळी मुरलेली असते, भट्टीत ती वायू होऊन बाहेर येते आणि काचेत फोड आणि खड्डे राहतात, शिवाय मोठी सपाट प्लेट वाकू शकते. हे सगळं समजून घेऊन जो कारखानदार आधी एक छोटा भाग, समजा राखेचं दार, भाजून दाखवतो त्याच्याकडंच बाकीचं द्या.

निम्म्याच्या वर इनॅमल शाबूत असेल तर हे करू नका. पार गेलेलं असेल तर उरलेलं ब्लास्ट करून पूर्ण अंगाला काळा हीट-रेझिस्टंट रंग द्या, तो स्टोव्ह साधा दिसतो पण नीट चालतो. "पावडर कोटिंग करून घ्या" असं गॅरेजवाले सांगतात, साधं पावडर कोटिंग एवढी उष्णता सोसत नाही.

९. आतल्या जाळ्या, प्लेटी, कडी यांचा गंज कसा काढू? सँडब्लास्टिंग?

ज्या भागावर इनॅमल नाही तो ब्लास्टिंगला बिनधास्त द्या. एक बाजू इनॅमल आणि एक बाजू उघडी असेल तर नको, टेप लावून झाकलं तरी कडा जातात. घरी करायचं तर धुण्याचा सोडा पाण्यात घालून बॅटरी चार्जरवर इलेक्ट्रोलिसिस चांगलं होतं: निगेटिव्ह स्टोव्हच्या भागाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. इनॅमल असलेला भाग या टबात घालायचा नाही, टवक्यांच्या कडा आणखी सुटतात.

बाहेर काढलं की त्याच तासाला धुऊन, उन्हात कडक तापवून, पुढच्या प्रश्नातलं तेल द्यायचं. इथल्या दमट हवेत उघडं बीड दुपारी साफ केलं तर रात्रीपर्यंत त्यावर भगवी झाक येते.

१०. वरच्या काळ्या प्लेटीला खोबरेल तेल लावलं तर चालेल ना? घरचंच आहे.

आंबोळ्यांच्या बिडाला आपण लावतो म्हणून हा प्रश्न येतोच. स्वयंपाकाच्या तव्याचं ठीक आहे, तो रोज तापतो आणि रोज तेल खातो. स्टोव्हच्या प्लेटीवर थर धरायला सुकणारं तेल लागतं, आणि खोबरेल सुकत नाही, नुसतं चिकट राहतं, धूळ ओढतं आणि नंतर खवट वास येतो. जवसाचं तेल घ्या. अगदी पातळ, लावून परत पुसून टाकल्यासारखं, मग मंद आचेवर तापवायचं, असे तीन-चार हात. ज्या प्लेटीवर भांडं ठेवणार नाही तिथं ग्रॅफाइटचं काळं स्टोव्ह पॉलिश जास्त शोभतं.

११. आतल्या बाजूला केसासारखी रेघ दिसते. तडा आहे की नुसता ओरखडा?

रॉकेलनं कळतं. जागा साफ करून रॉकेल ब्रशनं लावा, दहा मिनिटं थांबा, पूर्ण कोरडं पुसून वर खडूची पूड भुरभुरा. ओरखडा असेल तर पूड पांढरीच राहते. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू परत वर येतं आणि पांढऱ्या पुडीत एक ओली करडी रेघ तुमच्या डोळ्यांसमोर पुढं सरकत जाते, जिथं थांबते तिथं तडा संपला. दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण करा.

जाळाच्या पेटीतल्या आतल्या प्लेटीचा बारीक तडा फायर सिमेंट भरून चालतो, ती प्लेट बदलण्यासाठीच असते. बाहेरच्या अंगाचा तडा असेल तर निकेलच्या रॉडनं, आधी पूर्ण भाग तापवून, वेल्डिंग होतं किंवा ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोडणं. पण त्या उष्णतेनं आजूबाजूचं इनॅमल जाणार हे नक्की. इनॅमल वाचवायचं असेल तर गार पद्धत आहे, तड्यावर ओळीनं भोकं पाडून त्यात धातूच्या खुंट्या बसवायच्या, म्हणजे मेटल स्टिचिंग, मोठ्या इंजिनांच्या ब्लॉकवर करतात तसंच. साधा वेल्डिंगवाला गेटच्या रॉडनं मारून देतो म्हणाला तर देऊ नका, गार होताना बाजूला नवीन तडा जातो.

१२. आतल्या विटा फुटल्यात. जांभ्याचे तुकडे घालून बसवता येतील का?

जांभा स्टोव्हच्या खाली ओट्याला एकदम बेस्ट, आत नाही. त्याच्या पोटात पाणी धरलेलं असतं, सारखा तापला की भुसभुशीत होऊन झडतो. भाजलेली लाल वीटही फार टिकत नाही. फायर ब्रिक घ्या, आयएस ८ (भारतीय मानक) मार्कची मिळाली तर उत्तम, ९ इंच बाय साडेचार बाय ३ हे नेहमीचं माप, आणि डायमंड ब्लेडनं ओली कापून घ्या. सांध्यात फायर क्ले किंवा फायर सिमेंट, साधं सिमेंट नाही. विटा ठासून बसवू नका, तापल्यावर फुगायला थोडी फट हवी, नाहीतर त्याच बिडाला आतून ढकलतात.

१३. दाराची काच फुटलीय, साधी टफन लावली तर?

फुटेल. टफन काच बाथरूमच्या दाराला ठीक आहे, स्टोव्हला सिरॅमिक काच लागते, ती ऑर्डर देऊन कापून मिळते. जुन्या दारांना मुळात अभ्रकाच्या पातळ चकत्या असायच्या, त्या अजून मिळतात आणि त्यातून दिसणारा जाळ फार सुंदर दिसतो, मी तर अभ्रकच सुचवतो. दोरी बसवल्यावर कागदाची पट्टी दारात धरून बंद करा, ओढल्यावर सहज निसटली तर तिथं हवा शिरतेय, दोरी जाड घ्या किंवा कडी घट्ट करा.

१४. आमचं घर कौलारू आहे, खाली लाकडी वासे. पाइप कसा काढायचा?

सगळ्यात जास्त जपायची जागा हीच. एकेरी पाइप लाकडापासून निदान दीड फूट लांब हवा, आणि कौलांतून जाताना एवढी जागा कुठल्याच वाशात मिळत नाही, म्हणून छतातून जाणारा भाग दुहेरी, मध्ये इन्सुलेशन असलेलाच घ्या. रिप आणि वासा थोडा कापून आडवी चौकट करावी लागते, ते सुतारासमोर बसून ठरवा. स्टोव्हच्या तोंडाचा जो व्यास आहे त्यापेक्षा पाइप कुठंही बारीक करायचा नाही. वरचं टोक कौलांतून बाहेर आल्यापासून ३ फूट तरी वर, आणि १० फुटांच्या आतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा, मग ती शेजारची पाखी का असेना, २ फूट उंच.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्याचा पाइप स्टोव्हजवळ नको. जस्त ४१९ डिग्रीला वितळतं, त्याच्या आधीपासून पाइप खराब व्हायला लागतो आणि जास्त तापला तर धूर विषारी. स्टेनलेस घ्या आणि समुद्र जवळ असेल तर ३०४ ग्रेडपेक्षा ३१६ ग्रेडचं, पैसे जास्त जातात पण खाऱ्या वाऱ्यात ३०४ वर तपकिरी ठिपके लवकर येतात. वर टोपी हवीच, आणि तीन बाजूंनी तार ताणून घ्या. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि एरवीही माकडं पाइपाला लोंबकळतातच.

१५. पेटवला की धूर घरातच येतो, पावसाळ्यात तर जास्तच. स्टोव्ह खराब आहे का?

बहुतेक वेळा स्टोव्ह नाही, धुराडं गार आणि ओलं असतं. गार जड हवा पाइपात बसलेली असते, ती धुराला वर जाऊ देत नाही. आधी वरच्या साफसफाईच्या झाकणातून किंवा पाइपाच्या तोंडाशी कागदाचा बोळा पेटवून पाइप गरम करा, हवा वर ओढली जायला लागली की मग खाली चिपाड पेटवा. दुपारी समुद्राकडून वारा जोरात असताना धूर उलटा येत असेल तर टोकाची उंची (१४) किंवा वाऱ्याबरोबर फिरणारी टोपी बघा, जवळच्या माडांच्या शेंड्यांवरून वारा खाली दाबला जातो.

हे करूनही येत असेल तर रात्री दिवे घालवून स्टोव्हच्या आत मोठी बॅटरी लावा, बाहेर जिथं जिथं उजेडाची रेघ दिसेल तिथले सांधे फायर सिमेंटनं भरायचे राहिलेत. आणि पाइप शेवटचा कधी झाडला ते आठवा. वापर असेल तर वर्षातून एकदा तरी झाडायचाच.

१६. जाळायचं काय? करवंट्या, सोडणं, काजूची टरफलं, किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं, आमच्याकडं सगळंच फुकट आहे.

सुरूचं आणि आकेशियाचं लाकूड फोडून सुकवलेलं असेल तर त्याच्यासारखं जळण नाही. दिवाळीनंतर तोडून फोडायचं, उन्हाळाभर वाळवायचं आणि मृगाच्या आधी छपराखाली रचायचं, ओल २० टक्क्यांच्या खाली आली पाहिजे, मॉइश्चर मीटर महाग नाही. ओलं आंब्याचं लाकूड म्हणजे नुसता धूर आणि पाइपात डांबरट काजळी, आणि तीच काजळी एक दिवस पेट घेते. तसं झालंच तर हवेची सगळी दारं बंद करायची, पाणी मारायचं नाही, आणि अग्निशमनला फोन.

सोडण (नारळाची साल) आणि चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) पेटवणीपुरती. करवंट्या मूठभर चालतात, पण पेटीभर भरल्या तर जाळ इतका कडक होतो की आतली प्लेट लाल होऊन वाकते. काजूची टरफलं अजिबात नको, त्यातलं तेल कातडी जाळतं, डोळ्यांना झोंबणारा काळा धूर होतो आणि सगळीकडं चिकट थर बसतो. वाहून आलेल्या लाकडात मीठ असतं, जळताना त्यातून जे ॲसिड तयार होतं ते ३१६ चा पाइपसुद्धा खातं, त्यात जुन्या होड्यांच्या फळ्यांवर रंग आणि डांबर. कांदळवनाचं लाकूड तर तोडायलाच बंदी आहे.

दगडी कोळशासाठी खालून हवा देणारी जाळी लागते, लाकूड मात्र राखेच्या थरावर नीट जळतं. जाळी नसलेल्या स्टोव्हमध्ये कोळसा घालू नका.

१७. थंडीत गेस्टच्या खोलीत ठेवायचा विचार आहे, खोलीला एसी आहे, खिडक्या घट्ट बसतात. चालेल?

झोपायच्या खोलीत नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. ज्या खोलीत स्टोव्ह आहे तिथं बाहेरून हवा यायची कायमची, बंद न होणारी जागा हवी आणि बॅटरीवरचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म हवा. लोणारी, म्हणजे लाकडाच्या, कोळशाला धूर दिसत नाही म्हणून लोक त्याला सुरक्षित समजतात, तो तर हा वायू भरपूर सोडतो. रात्री निखारे राहिले म्हणून धुराड्याचा डॅम्पर, म्हणजे आतली झडप, पूर्ण बंद करायचा नाही.

१८. सगळं जोडून झालं. पहिला जाळ कसा करू?

फायर सिमेंट दोन-तीन दिवस नुसतं हवेत वाळू दे. मग पहिल्या दिवशी कागद आणि चिपाड, हात ठेवता येईल इतकंच तापवायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, तिसऱ्या दिवशी एक-दोन ओंडके. एकदम मोठा जाळ केला तर सिमेंटमधली वाफ ते फोडून बाहेर येते. नव्या रंगाचा वास आणि धूर येतो, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलं आणि पिंजऱ्यातले पक्षी दुसरीकडं. इनॅमल थोडं टिकटिक करतं, ते चालतं. "टक्" असा मोठा आवाज आला तर जाळ वाढवू नका, तसाच विझू द्या आणि ११ मधली रॉकेलची टेस्ट परत करा.

१९. पावसाळ्याचे चार महिने बंद असतो. दर वर्षी गंज चढतोच, काय करू?

आपल्याकडं हे स्टोव्ह आगीनं कमी आणि पावसानं जास्त मरतात, म्हणून हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. राख पूर्ण काढा, कोपऱ्यांतली, ओव्हनच्या खालची, सगळी, कारण राख हवेतलं पाणी ओढते आणि तो ओला क्षार बिडाला चिकटून बसतो. धुराडं झाडा, काजळीचंही तेच आहे. मग शेवटचा एक छोटा सुका जाळ करून राख परत काढा आणि गार झाल्यावर आतल्या उघड्या बिडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या.

पाइपाचं वरचं तोंड झाका आणि स्टोव्हच्या दाराला ठळक चिठ्ठी लावा की वर बंद आहे, ही चिठ्ठी विसरू नका. दारं मात्र किलकिली ठेवा, आत हवा खेळली पाहिजे. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो, जुनी सुती चादर टाका. आत झिरोचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवला तर त्याच्या उबेनं बराच फरक पडतो, एलईडीला ऊब नसते म्हणून तो नाही. स्टोव्ह थेट जमिनीवर असेल तर जांभ्याचा ओटा करून उचला, आणि गणपतीला घर साफ कराल तेव्हा एकदा दार उघडून आत हात फिरवून बघा.

२०. स्टोव्हच्या मागं दोन पाइपची तोंडं आहेत, बूच मारून बंद केलेली. पाणी जोडायचं नाहीये, तसाच पेटवू का?

अजिबात नाही. आत पाणी तापवायची टाकी आहे. बूच मारलेल्या टाकीत थोडं जरी पाणी राहिलं असेल तर त्याची वाफ होते, जायला जागा नाही, आणि बिडाची टाकी बॉम्बसारखी फुटते, परदेशात यात माणसं गेलेली आहेत. पाणी जोडायचं नसेल तर टाकी काढून त्या जागी फायर ब्रिक लावा. काढता येत नसेल तर बुचं काढून पाणी पूर्ण निपटा, टाकीला भोक पाडून ती कायमची उघडी करा आणि कोरडी वाळू भरा. जोडायचं असेल तर वर उघडी टाकी आणि वाफेला कायम मोकळा रस्ता असलेली साधी प्लंबिंग, मध्ये कुठंही कॉक नाही, आणि हे काम ज्यानं आधी केलंय अशाच प्लंबरकडून.

२१. आम्हाला पेटवायचाच नाही, होमस्टेच्या हॉलमध्ये शोभेला ठेवायचाय. मग एवढं सगळं करायला हवं का?

सगळं नाही. ४ आणि १९ मधलं (शेवटचा जाळ सोडून) करायचंच, कारण अॅसबेस्टॉस आणि शिशाचा रंग न पेटवताही धोक्याचेच आहेत, पाहुण्यांची पोरं हात लावतात, आणि गंज तर थांबत नाही. १२ ते १८ सोडून द्या. पण एक लक्षात घ्या, हॉलमध्ये सुंदर स्टोव्ह दिसला की पावसाच्या रात्री कोणीतरी पाहुणा कागद टाकून पेटवतोच, आणि तेव्हा पाइप जोडलेला नसतो. म्हणून आतली जाळी काढून कोरड्या जागी ठेवा आणि दाराच्या कडीत आतून एक स्क्रू मारा, इनॅमलला भोक न पाडता. जाळी कुठं ठेवलीय ते जाड कागदावर लिहून राखेच्या ड्रॉवरमध्ये टाका, उद्या तुमच्या घरातल्या कोणाला तो पेटता करावासा वाटला तर पहिली गरज तिचीच लागेल.